मेडार्डला धुकं हवं होतं

मेडार्ड अन्डेनमाटनची पाठ तुम्ही नक्की पाहिलेली आहे. दाताच्या डॉक्टरकडचं कॅलेंडर आठवा, नाहीतर चॉकलेटच्या डब्याचं झाकण. पुढे काळं तळं, तळ्यात उलटा ब्लाउहोर्न डोंगर, वर सुलटा ब्लाउहोर्न, आणि अलीकडे लाकडी बाकाच्या डाव्या टोकाला तपकिरी कोट घालून बसलेला एक टोपीवाला म्हातारा. तोच मेडार्ड. त्याची पाठ कुठे कुठे जाऊन आली, पण तोंड कसं आहे ते आमच्या त्सेनमाटन गावाबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर गावातल्यांनाही ते नीट आठवत नव्हतं, कारण उन्हाळाभर तो डोंगराकडे बघत बसायचा आणि हिवाळाभर घरात.

मी रोझालिया. रोपवेच्या वरच्या स्थानकापासून तळ्याकडे जी वाट जाते तिच्यावर माझी टपरी आहे. जवाचं सूप, राईचा पाव, चीज, आणि ओळखीच्यांना जर्दाळूची दारू. चालायला येणारे लोक माझ्याकडे सूप प्यायला येतात. फोटोवाले संडास वापरायला येतात आणि जाताना विचारतात, उद्या ऊन पडेल का. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलते असं गावात म्हणतात. मी फक्त जे दिसतं ते बोलते.

मेडार्डने जन्मभर वरच्या कुरणांवर गाई राखल्या. मग गुडघा गेला आणि पाठोपाठ बायको गेली, क्रेसेन्त्सिया. त्यानंतर तो रोज सकाळी पहिल्या पाळण्याने वर यायला लागला. तळ्याकाठी त्यानेच कधीकाळी लार्चच्या फळ्यांचा बाक ठोकला होता, त्यावर तो बसायचा आणि दुपारी खाली जायचा. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एकदा एक फोटोवाला तिथून चालला होता. त्याने मागून फोटो काढला आणि आमच्या डोंगराचं वाटोळं झालं.

कारण मग सगळेच यायला लागले. वर रोपवेने, तिथून जुन्या पाटाच्या काठाकाठाने तळ्यापर्यंत, आणि संध्याकाळी लार्चच्या जंगलातून उतरून गावात, असा एका दिवसाचा फेरा पुस्तकांत छापून आला. पुस्तकात तळं होतं, डोंगर होता आणि म्हातारा होता. लोक पैसे मोजून, तीन पायांचे स्टँड पाठीवर घेऊन यायचे. एखाद्या दिवशी मेडार्ड नसला की माझ्या टपरीशी येऊन भांडायचे, "इथे एक आजोबा असतात ना?"

आता आमच्याकडे प्रत्येक घराने उन्हाळ्यात गावकाम करायचं असतं. पाटातला गाळ काढायचा, वाटेवरचे दगड बाजूला करायचे, कुंपणं उभी करायची. यातून कुणाची सुटका नाही, पाद्रीबाबांचीसुद्धा नाही. गुडघ्यामुळे मेडार्डला हे काही जमेना आणि त्याला त्याची लाज वाटायची. तेव्हा आमचा गावाध्यक्ष पिर्मिन, ज्याचं खाली हॉटेलही आहे, त्याने ग्रामसभेत ठराव आणला की मेडार्डचं बसणं हेच त्याचं गावकाम धरावं.

"म्हणजे आम्ही खणायचं आणि याने नुसतं टेकायचं?" अम्ब्रोस म्हणाला. अम्ब्रोस पाटाचा प्रमुख आहे आणि त्याला दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

"तू दिवसभर न हलता बसून दाखव," पिर्मिन म्हणाला.

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. आमच्याकडे हात वर झाले की विषय संपला. मग देव जरी खाली आला तरी त्याला पुढच्या सभेपर्यंत थांबावं लागेल.

त्या दिवसापासून मेडार्ड पूर्वीसारखा बसेना. तो ड्यूटीवर बसायला लागला. पाठ ताठ, टोपी सरळ. मध्येच माझ्या टपरीच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा.

"रोझालिया, जरा झाडामागे जाऊन येऊ का?"

"मला काय विचारतोस? जा की!"

"गावकाम आहे. कुणाला तरी सांगून गेलेलं बरं."

एकदा फोटोवाल्यांची मागणी आली की तपकिरी कोट गवतात हरवतो, लाल जाकीट घातलं तर उठून दिसेल. पिर्मिनने लगेच लाल जाकीट आणलं. मेडार्डने ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "मी काय आग विझवायला बसलोय?" तो विषय तिथेच मिटला.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात गावातला सेव्हेरीन वारला.

आमच्याकडे माणूस गेलं की चर्चमध्ये त्याचं स्मरणकार्ड वाटतात. हाताच्या पंजाएवढं असतं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला प्रार्थना. ते आपण घरी नेतो आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतो. माझ्या पुस्तकात आता प्रार्थनांपेक्षा माणसं जास्त झाली आहेत आणि ते मिटत नाही. म्हणून आमच्यात शहाणी माणसं जिवंतपणीच फोटो निवडून ठेवतात. माझा चमच्यांच्या खणात तयार आहे. त्यात मी बरीच तरुण दिसते, पण तो माझा प्रश्न आहे.

सेव्हेरीनने निवडला नव्हता. पोरांना घाईत काही सापडेना, म्हणून त्यांनी गाडीच्या परवान्यावरचा फोटो दिला. आयुष्यभर सज्जन असलेला माणूस कार्डावर बोकड चोरताना पकडल्यासारखा दिसत होता. चर्चमध्ये लोक रडता रडता ते कार्ड बघायचे आणि पुन्हा घाईघाईने रडायला लागायचे.

दुसऱ्या दिवशी मेडार्ड माझ्या टपरीत आला. बाकावर गेलाच नाही, सरळ आत येऊन बसला.

"रोझालिया, माझा फोटो कुठंय?"

"सगळ्या जगात आहे."

"तोंडाचा."

मी सूप ढवळायची थांबले. खरंच नव्हता. त्याच्या घरी एकच फोटो होता, लग्नाचा. त्यात क्रेसेन्त्सिया इतकी सुरेख हसली होती की ती गेली तेव्हा तिच्या कार्डासाठी तोच कापला. तिच्या कार्डावर डाव्या कडेला काळ्या कोटातला एक खांदा राहिलेला आहे. तो मेडार्डचा. बाकीचा मेडार्ड छापखान्यात गेला तो परत आलाच नाही.

"खाली फिस्प शहरात डॉक्टरकडे गेलो होतो," तो म्हणाला. "त्याने छातीला नळी लावली आणि 'हं' म्हणाला."

"हं म्हणजे काय?"

"तेच मी विचारलं. तर तो पुन्हा 'हं' म्हणाला." त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "मी असाच गेलो तर पिर्मिन कार्डावर पाठ छापेल. कॅलेंडरवरची. क्रेसेन्त्सिया तिकडे वाट बघत बसली असेल, तिला माझी पाठ दिसेल. ती म्हणेल, हा आला तोच परत चालला."

मला हसू आलं. मी म्हटलं, चल, मी काढते. फोन घेतला आणि त्याला दाराशी उभं केलं. फोटोत तो मिठाची वाट बघणाऱ्या बकरीसारखा दिसत होता. दुसरा काढला, त्यात माझा अंगठा आला. "राहू दे," तो म्हणाला, "ज्यांचं काम त्यांनाच सांगू."

आधी तो फिस्पच्या स्टेशनवरच्या फोटोच्या खोक्यात जाऊन बसला. पट्टी बाहेर आली ती सगळीच्या सगळी मिटल्या डोळ्यांची. दिवा चमकला की तो डोळे मिटायचा.

"कार्डासाठी तर हेच योग्य आहे," मी म्हटलं.

"गप्प बस, रोझालिया."

मग त्याने फोटोवाल्यांना विचारायला सुरुवात केली. गाईंमागे जन्म गेलेल्या माणसाला मागायची सवय नसते. तो बाकावर बसूनच, मान न वळवता विचारायचा, "पाहुणे, तेवढा माझ्या तोंडाचा एक काढाल का?" मागून उत्तर यायचं, "काढू काढू, आता हलू नका, उजेड चाललाय." उजेड जायचा आणि पाहुणेही जायचे. एकाने खरंच समोर येऊन काढला आणि पाठवतो म्हणाला. पाठवलाही. त्यात मेडार्डच्या कानापलीकडचा डोंगर दगडन् दगड स्पष्ट होता आणि मेडार्ड म्हणजे एक पिवळा डाग.

तेव्हा तो चिडला. मेडार्ड चिडलेला मी दोनदाच पाहिलाय आणि आधीच्या खेपेला समोर बैल होता. सप्टेंबरातली लख्ख सकाळ होती, तळ्यावर सुरकुती नाही, स्टँडची रांग लागलेली. मेडार्ड आला, बाकाच्या नेहमीच्या टोकाला गेला आणि उलटा बसला. पाय बाकाच्या पाठीच्या फळीखालून अलीकडे काढले, टोपी मांडीवर ठेवली आणि फोटोवाल्यांकडे बघायला लागला.

आधी कुणालाच काही कळेना. मग एक जण म्हणाला, "आजोबा, फिरा ना."

"आज नाही."

"अहो, आम्ही हॅम्बुर्गहून आलोय!"

"मग मलाही बघून घ्या."

कुणीही एक फोटो काढला नाही. इतके कॅमेरे, इतकी भिंगांची नळकांडी, समोर ताजी दाढी केलेला माणूस, आणि सगळे हात बांधून उभे. शेवटी ते रोपवेने खाली गेले आणि पिर्मिनच्या हॉटेलात तक्रार केली. पिर्मिनने ग्रामसभा बोलावली.

अशी सभा आमच्याकडे कधी झाली नाही. गावकाम टाळल्याचा आरोप मेडार्डवर होता. मेडार्ड उठून म्हणाला, "मी टाळलं नाही. मी बसलो होतो."

"पाठ करून बसायचं ठरलं होतं," पिर्मिन म्हणाला.

"ठरावात फक्त बसणं आहे. कुठे बघत बसायचं ते नाही."

ठराव वाचला. खरंच नव्हतं. सभेत कुजबुज झाली. तेव्हा अम्ब्रोस उठला आणि म्हणाला की हा एवढा भाव खातोय तर मी बसतो उद्यापासून, पाठ मलाही आहे.

दुसऱ्या सकाळी त्याची परीक्षा घेतली. मेडार्डची टोपी आणि कोट घालून अम्ब्रोस बाकाच्या मधोमध बसला. मागून ओरडा झाला, "डावीकडे सरका! डावीकडे!" तो सरकला तर तिरका झाला. मग त्याला खाज सुटली. चष्मेवाला एक फोटोवाला पिर्मिनला गंभीरपणे म्हणाला की जुन्या आजोबांना चित्राची रचना कळते, ते नेहमी कडेला बसतात, उजवीकडची मोकळी जागा हाच त्या चित्राचा प्राण आहे.

पिर्मिनने हे त्या संध्याकाळी सभेत जसंच्या तसं सांगितलं. मेडार्ड बावचळला.

"कसली रचना? उजवीकडे क्रेसेन्त्सिया बसायची."

अम्ब्रोसने कधी नव्हे ती मान खाली घातली. पिर्मिन घसा खाकरून म्हणाला, तर मग पुढचा विषय.

आता माणसाला वाटेल की एवढं ऐकल्यावर गावाने मेडार्डला फोटोवाला आणून दिला असता. पण आम्ही त्सेनमाटनची माणसं. समोर ठराव आहे म्हटलं की आम्हाला दुसरं काही सुचत नाही. तास दोन तास वाद झाला आणि तडजोड निघाली: डोंगर दिसत असेल तेव्हा मेडार्डची पाठ गावाची, डोंगर दिसत नसेल तेव्हा तोंड त्याचं. म्हणजे धुकं असताना त्याने खुशाल उलटं बसावं आणि फोटो काढून घ्यावेत. सगळ्यांना हे फार न्यायाचं वाटलं. हात वर झाले. मेडार्डचाही झाला.

"अरे गाढवा," बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "धुक्यात फोटोवाला येतो कशाला?"

"येईल एखादा," तो म्हणाला. "चुकलेला."

आणि मग धुकं पडेचना. असा कोरडा, लख्ख शरद ऋतू कुणाला आठवत नव्हता. दुसऱ्यांदा कापलेलं गवत सुकत होतं, द्राक्षवाले खूश होते, पिर्मिनचं हॉटेल भरलं होतं. सबंध खोऱ्यात एकटा मेडार्ड वाईट हवेसाठी प्रार्थना करत होता. त्याने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. पाद्रीबाबांनी विचारलं कशासाठी, तर त्याने खरं सांगितलं. पाद्रीबाबांचं स्वतःचं गवत बाहेर पडलेलं होतं. त्यांनी मेणबत्ती विझवली.

रोपवेच्या स्थानकाचा जिना चढताना मेडार्ड आता मध्येच थांबायचा. माझ्याकडे आला की सूप थंड होईपर्यंत धाप टाकायचा. रात्री खिडकीतून चांदण्या दिसल्या की मी त्यांना शिव्या घालायचे.

रोपवे हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या जरा आधी बासेलहून एक बाई आली, रेगुला नावाची. तिला खास तळ्यातला ब्लाउहोर्न हवा होता, पहिला बर्फ पडलेला. ती आली त्याच दिवशी खोऱ्यातून धुकं वर चढलं आणि बसलं. रेगुला रोज वर यायची, माझ्या टपरीत बसायची, काचेतून पांढऱ्या भिंतीकडे बघायची आणि सूप प्यायची. सूप पिणारी फोटोवाली मी पहिल्यांदाच बघत होते. चांगल्या घरची असावी.

मेडार्ड रोज वर यायचा आणि केसांना पाणी लावून बाकावर उलटा बसायचा. पण धुक्यात मलाच तो दिसत नव्हता, तिला कुठून दिसणार? आणि तो ओरडून बोलावणार नाही. शेवटी मीच तिला म्हटलं, "बाई, डोंगर काही येत नाही. त्या बाकावर एक माणूस बसलाय, तो आपणहून आलाय."

"मी माणसांचे फोटो काढत नाही," ती म्हणाली. "माणसं हलतात."

"हा हलत नाही. त्याचं कामच ते आहे."

कंटाळून ती उठली. मीही शाल गुंडाळून मागे गेले. स्टँड लावला तर मेडार्ड दिसेना, म्हणून ती पुढे सरकली, आणखी पुढे, अगदी हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळ कुणी फोटोवाला कधी आला नव्हता. मेडार्ड घाबरून ताठ झाला. पुन्हा बकरी.

"तुम्ही जरा सैल बसा," रेगुला म्हणाली.

"इतक्या उंचावर सगळ्यांना 'तू'च म्हणतात," मेडार्ड म्हणाला.

"मग तू सैल बस. आणि मध्ये सरक."

"मध्ये नाही. ती जागा बायकोची आहे."

रेगुलाने कॅमेऱ्यातून डोकं वर काढून रिकाम्या फळीकडे बघितलं. मग पुन्हा वाकली. तेवढ्यात मेडार्डच्या मागे पांढरं फाटलं. आधी एक सुळका, मग खांद्याखालचा बर्फ, मग पुरा ब्लाउहोर्न उन्हात उभा, आणि तळं आरशासारखं. इतके दिवस ती ज्याच्यासाठी सूप पीत बसली होती तो डोंगर हाच. तिचं तोंड उघडंच राहिलं.

मेडार्डला मागचं काही दिसत नव्हतं. पण तिचं तोंड दिसलं.

"डोंगर आला का?"

"आला," ती म्हणाली.

"मग मला फिरलं पाहिजे." तो फळीखालून पाय काढायला लागला. "ग्रामसभेचा ठराव आहे."

"हलू नकोस!" रेगुला ओरडली.

मेडार्ड थबकला. जन्मात त्याला हे शब्द फक्त मागून ऐकू आले होते.

"अगं पण ठराव..."

"मेडार्ड," मी ओरडले, "ठरावाचं मी बघते! तू बस!"

तो हसला. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर हसला असेल. रेगुलाने काढला. मी तिच्याकडेच बघत होते. तिचं भिंग त्याच्या तोंडावरून हललं नाही. नंतर धुकं पुन्हा दाटलं आणि डोंगर गेला.

आठवडाभराने ती स्वतः मोठा फोटो छापून घेऊन आली. तो तिने टपरीच्या टेबलावर उलगडला. बाकाच्या टोकाला मेडार्ड हसतोय, शेजारी रिकामी फळी, आणि मागे अख्खा ब्लाउहोर्न. रेगुला म्हणाली की असा फोटो तिच्या हातून पुन्हा होणार नाही.

मेडार्डने तो खूप वेळ बघितला. "छान आहे," तो म्हणाला. "रोझालिया, कात्री आहे का?"

त्याने आधी डोंगर कापला. रेगुलाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मग त्याने तळं कापलं, मग बाक. हाताच्या पंजाएवढा तुकडा राहिला, त्यात तो कमरेपर्यंत. त्याने खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, त्यातून क्रेसेन्त्सियाचं कार्ड काढलं आणि शेजारी ठेवलं. दोन्हीकडे मान वळवून बघितलं. मग पुन्हा कात्री उचलली आणि आपला डावा खांदा कापायला घेतला.

"अरे, खांदा कशाला?" रेगुलाला राहवेना. "खांद्याशिवाय माणूस कसा दिसेल?"

"हा खांदा आधीच तिच्याकडे आहे," मेडार्ड म्हणाला. "दोन घेऊन गेलो तर तिला वाटेल, दुसराच कुणीतरी आलाय."

त्याने तुकडा सरकवून कार्डाला भिडवला. तिच्या कडेचा काळा खांदा त्याच्या मानेखाली बरोबर बसला. रेगुला खिडकीकडे वळून डोळे पुसायला लागली, मी उगाच सूप ढवळत राहिले. बाहेर ऊन पडलं होतं. मेडार्डने दोन्ही तुकडे पुस्तकात ठेवले, टोपी घातली आणि खिडकीतून ब्लाउहोर्नकडे एकदा बघितलं.

"दिसतोय," तो म्हणाला. "मी जातो, गावकाम आहे."